डिस्कचा वेग आणि त्याची बदलती मापे

१९५६ साली आयबीएमने '३०५ रॅमॅक' या संगणकाबरोबर '३५०' या नावाची डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, ५० लाख अक्षरे मावतील एवढी जागा आणि सेकंदाला ८,८०० अक्षरे हा वेग. या वेगाचे आजच्या मापात रूपांतर करायला बसले की पहिल्याच पायरीवर अडखळायला होते, कारण ते अक्षर आजच्या बाइटएवढे नव्हते. त्यात माहितीचे सहाच बिट असत. ८,८०० गुणिले ६ म्हणजे सेकंदाला ५२,८०० बिट. त्याला आठने भागले की उरतात ६,६०० बाइट. क्षमतेचेही तेच. पन्नास लाख अक्षरांची ती डिस्क आजच्या हिशेबाने पावणेचार मेगाबाइटची.

असे रूपांतर करण्याची वेळ आजही येते. जुन्या टेप-डिस्कवरची माहिती सोडवून घेणारे तंत्रज्ञ, अभिलेखागारे, जुने संगणक चालू ठेवणारे हौशी लोक या सगळ्यांना जुन्या कागदांवरचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी-शेजारी मांडावे लागतात. अडचण गणिताची नाही. वेगाचा आकडा प्रत्येक पिढीने निरनिराळ्या जागी उभे राहून मोजला, ही खरी अडचण आहे. कोणी तबकडीवरच्या हेडखालून जाणारे बिट मोजले, कोणी केबलमधले ठोके मोजले, कोणी संगणकाच्या पदरात पडणारे बाइट. 'बिटला आठने भागा म्हणजे बाइट मिळतात' हा नियम म्हणूनच काही ठिकाणी बरोबर, बऱ्याच ठिकाणी अपुरा आणि काही ठिकाणी साफ चूक ठरतो.

बाइट हा शब्दही १९५६चाच. आयबीएमच्या 'स्ट्रेच' या यंत्राची आखणी चालू असताना वर्नर बुखहोल्झ यांनी तो घडवला, पण तेव्हा त्याची लांबी ठरलेली नव्हती. ती आठ बिटांवर स्थिरावली १९६४च्या 'सिस्टिम/३६०'मुळे. या यंत्राबरोबरच्या अर्ध्या इंच रुंदीच्या टेपवर नऊ समांतर ट्रॅक असत: आठ माहितीचे, नववा तपासणीचा. टेपची घनता 'इंचाला १,६०० बिट' अशी लिहिलेली असे आणि इथे हमखास गफलत होते. तो आकडा एकट्या ट्रॅकचा आहे. नऊही ट्रॅक एकदमच वाचले जात असल्याने टेपच्या प्रत्येक आडव्या रेषेत एक अख्खा बाइट बसतो; म्हणजे कागदावर बिट लिहिलेले असले तरी व्यवहारात इंचाला १,६०० बाइटच. सेकंदाला ११२.५ इंच टेप ओढणाऱ्या आयबीएम २४०१च्या वरच्या मॉडेलचा वेग त्यामुळे १,८०,००० बाइट होतो. इथे सवयीने आठने भागणारा २२,५०० वर येऊन थांबेल. पुढे १९७०च्या दशकात ३४२० मालिकेतले सर्वांत वेगवान यंत्र सेकंदाला २०० इंच आणि इंचाला ६,२५० या हिशेबाने साडेबारा लाख बाइटांवर पोहोचले.

फ्लॉपी आणि लहान हार्ड डिस्क यांचा प्रकार वेगळा. तिथे एका वेळी एकच हेड वाचते आणि बिट एकामागून एक रांगेने येतात, म्हणून त्यांचे आकडे खरोखरच बिटांतले आहेत. साडेतीन इंची '१.४४ मेगाबाइट' फ्लॉपीचा वेग सेकंदाला ५ लाख बिट सांगितला जातो. आठने भागले की ६२,५०० बाइट. पण ही फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला पाच फेरे घेते, आणि एका फेऱ्यात ५१२ बाइटांचे १८ सेक्टर हेडखालून जातात. पाच फेऱ्यांत होतात ४६,०८० बाइट. उरलेले साडेसोळा हजार सेक्टरांमधल्या मोकळ्या जागेत, प्रत्येक सेक्टरच्या पत्त्यात आणि चूक ओळखण्यासाठी लिहिलेल्या जादा आकड्यांत जातात. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक एकही फेरा वाया न घालवता वाचले तरी अख्ख्या फ्लॉपीला ३२ सेकंद लागतात. हेड सरकण्याचा वेळ वेगळा.

या पद्धतीचा खरा नमुना म्हणजे १९८० साली आलेली एसटी-५०६. अ‍ॅलन शुगार्ट यांनी १९७३ साली शुगार्ट असोसिएट्स काढली, पुढच्याच वर्षी ती सोडली आणि १९७९ साली फिनिस कॉनर यांच्यासह नवी कंपनी उभी केली. हीच पुढे सीगेट झाली. तिची ही पहिली डिस्क सव्वापाच इंची आणि पाच मेगाबाइटची. तिच्यामागोमाग दहा मेगाबाइटची एसटी-४१२ आली आणि १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीबरोबर या जातीच्या डिस्क घराघरांत नसल्या तरी कार्यालयांतून पोहोचल्या. या डिस्कवर स्वतःची अशी अक्कल फारशी नव्हती. हेडने टिपलेले स्पंदन जसेच्या तसे वीस पिनांच्या केबलमधून कंट्रोलर कार्डाकडे जाई आणि त्यातून बिट वेगळे काढण्याचे काम ते कार्ड करी. त्यामुळे तबकडी फिरण्याचा वेग हाच इंटरफेसचा वेग: सेकंदाला ५० लाख बिट.

या पाच मेगाबिटांचे पुढे काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. भागाकार केला की ६,२५,००० बाइट. तबकडी सेकंदाला ६० फेरे घेते, तेव्हा एका फेऱ्यात सुमारे १०,४१६ बाइटांची जागा हेडखालून जाते. पण एका ट्रॅकवर ५१२ बाइटांचे १७ सेक्टर, म्हणजे वापरण्याजोगे ८,७०४ बाइटच असतात. साठ फेऱ्यांचे झाले ५,२२,२४०. एवढ्यावरही भागत नाही. एक्सटीचे कंट्रोलर कार्ड एक सेक्टर वाचून तो संगणकाकडे पोचवेपर्यंत पुढचे काही सेक्टर हेडखालून निघून गेलेले असत. सेक्टरांना ओळीने क्रमांक दिले तर दुसऱ्या सेक्टरसाठी अख्खा फेरा थांबावे लागे आणि हाती पडत फेऱ्याला एक सेक्टर, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३०,७२० बाइट. यावर तोडगा निघाला तो इंटरलीव्हचा: पहिल्या सेक्टरनंतर पाच जागा सोडून सहाव्या जागी दुसरा क्रमांक घालायचा, तिथून सहाव्या जागी तिसरा. कार्ड मोकळे होते न होते तोच हवा तो सेक्टर हेडखाली येतो. एक्सटीवर हे प्रमाण सहास एक असे होते, म्हणून पूर्ण ट्रॅक वाचायला सहा फेरे लागत आणि वेग भरे ८७,०४० बाइट. नंतरच्या एटी संगणकावर ते तिनास एक झाले आणि वेग आपोआप दुप्पट.

म्हणजे 'पाच मेगाबिट' या एकाच आकड्याची ६,२५,०००, ५,२२,२४० आणि ८७,०४० अशी तीन उत्तरे निघतात आणि तिन्ही बरोबर आहेत. पहिले हेडचे, दुसरे तबकडीवरच्या मजकुराचे, तिसरे ज्याने संगणक विकत घेतला त्याचे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्टीव्ह गिब्सन यांच्या 'स्पिनराइट'सारखी सॉफ्टवेअरे लोकप्रिय झाली ती बऱ्याच अंशी या तिसऱ्या आकड्यामुळेच. आपल्या कार्डाला कोणता इंटरलीव्ह मानवतो हे तपासून डिस्क पुन्हा आखून घेतली की एक पैचेही नवे यंत्र न घेता वेग वाढे. आरएलएल या दाट लेखनपद्धतीने तशाच तबकडीच्या ट्रॅकवर २६ सेक्टर बसवले आणि आकडा साडेसात मेगाबिटांवर नेला. ईएसडीआयने तो दहाच्या आणि पुढे वीसच्याही वर नेला. हिशेबाची रीत तीच राहिली.

रीत बदलली ती स्कझीने. शुगार्ट असोसिएट्समध्ये तयार झालेल्या सासी या जोडणीचे हे प्रमाणित रूप, १९८६ साली अमेरिकी मानक म्हणून मंजूर झालेले. आता कंट्रोलर डिस्कवरच बसला होता आणि केबलमध्ये माहितीच्या आठ तारा शेजारी-शेजारी होत्या. एका ठोक्याला एक बाइट जाई, म्हणून पाच मेगाहर्ट्झ म्हणजे सरळ सेकंदाला पाच मेगाबाइट. इथून पुढे नावांचा पूर आला. ठोके दुप्पट केले तेव्हा 'फास्ट', तारा आठाच्या सोळा केल्या तेव्हा 'वाइड', ठोके आणखी वाढवले तेव्हा 'अल्ट्रा', आणि मग अल्ट्रा-२, अल्ट्रा-१६०, अल्ट्रा-३२०. प्रमाणसमितीच्या कागदांत मात्र 'फास्ट-२०', 'फास्ट-४०', 'फास्ट-८०' अशी नावे आहेत आणि त्यांतला आकडा बाइटांचा नसून सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष हस्तांतरणांचा आहे. एका हस्तांतरणात एक बाइट की दोन, हे केबलच्या रुंदीवर ठरते. म्हणून सोळा तारांवरचे 'फास्ट-८०' म्हणजेच बाजारातले अल्ट्रा-१६०. दुकानदाराचे नाव या बाबतीत अभियंत्याच्या नावापेक्षा जास्त उपयोगी आहे. ते आधीच मेगाबाइटांत आहे आणि त्याला कशानेही भागायचे नाही.

कंट्रोलर डिस्कवर नेण्याची हीच कल्पना स्वस्तात उतरवली ती १९८६ साली आलेल्या आयडीईने; वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा यांचा तो संयुक्त खटाटोप. १९९४ साली त्याला एटीए या नावाने मानकाचा दर्जा मिळाला. इथे वेग लिहिला जाई तो नॅनोसेकंदांत. माहितीच्या तारा सोळा, म्हणजे एका आवर्तनात दोन बाइट. पीआयओ मोड शून्यमध्ये एक आवर्तन ६०० नॅनोसेकंदांचे, तेव्हा सेकंदाला ३.३ मेगाबाइट, मोड चारमध्ये १२० नॅनोसेकंदांचे, तेव्हा १६.७. अल्ट्रा डीएमएने एका आवर्तनात दोनदा माहिती पाठवायला सुरुवात केली, म्हणून त्याच १२० नॅनोसेकंदांत चार बाइट जाऊ लागले आणि ३३.३ हा आकडा आला. ६० नॅनोसेकंदांना ६६.७, ४० ला १००, ३० ला १३३. '६६'पासून पुढे चाळीस तारांची चपटी केबल पुरेनाशी झाली. पिना तेवढ्याच ठेवून तारा ऐंशी केल्या गेल्या; वाढलेल्या चाळीसांचे काम एवढेच की शेजारच्या तारांची कुजबुज एकमेकींत मिसळू नये. घरात पडलेली जुनी केबल लावली की नवी डिस्कही मुकाट्याने ३३ वर चालत असे, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसे. तसे पाहता त्याने फार बिघडत नव्हते. त्या सुमाराच्या घरगुती डिस्कची तबकडीच सेकंदाला चाळीस ते साठ मेगाबाइट देत होती. १३३चा रस्ता बव्हंशी रिकामाच असे.

२००३ साल या रूपांतराच्या दृष्टीने मोठे मजेशीर आहे. त्या वर्षी बाजारात एटीए-१३३, स्कझी अल्ट्रा-१६० आणि नवी १.५ गिगाबिटची साटा एकाच वेळी मिळत होत्या. आकडे जसेच्या तसे वाचले तर १३३, १६० आणि १,५०० अशी चढण दिसते. तिसरी जोडणी पहिलीच्या दहापटीहून वरचढ वाटते. पहिले दोन आकडे मेगाबाइटांचे आणि तिसरा मेगाबिटांचा, हे ध्यानात आले की घाईने आठने भागून १८७.५ असे उत्तर काढले जाते. तेही चूक. साटाचा वेग १५० मेगाबाइट, म्हणजे अल्ट्रा-१६०पेक्षा कमीच.

आठाऐवजी दहाने भागण्याचे कारण तारेच्या स्वभावात आहे. साटामध्ये ठोक्यासाठी वेगळी तार नाही. पलीकडच्या टोकाने येणाऱ्या बिटांच्या चढउतारांवरूनच ठोका ओळखायचा असतो. सलग पंचवीस शून्ये आली तर चढउतार थांबतात आणि मोजदाद चुकते. एक आणि शून्य यांचे प्रमाण ढळले तर विजेचा तोल ढळतो. यावरचा उपाय आयबीएमच्या अल विडमर आणि पीटर फ्रॅनसेक यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला होता: प्रत्येक आठ बिटांच्या जागी पुरेसे चढउतार असलेला, तोल राखणारा दहा बिटांचा संकेत पाठवायचा. फायबर चॅनल, साटा, सॅस, पहिल्या दोन पिढ्यांची पीसीआय एक्स्प्रेस आणि यूएसबी ३.० या सगळ्यांनी तो उचलला. म्हणून साटाचे १.५, ३ आणि ६ गिगाबिट म्हणजे अनुक्रमे १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट. यूएसबी ३.०चे ५ गिगाबिट म्हणजे ५००. यातून पत्त्यांचा आणि तपासणीचा खर्च वजा व्हायचा असतोच.

पण दहाने भागायचा ठोकताळाही सरसकट चालत नाही. गिगाबिट इथरनेटचा फायबरवरचा प्रकार हीच आठ-दहाची पद्धत वापरतो; तारेवर त्याचा वेग १.२५ गिगाबिट असतो. इथरनेटवाल्यांनी मात्र नाव देताना आतला मजकूर मोजला, वेष्टन नाही. त्यामुळे गिगाबिट इथरनेटला आठनेच भागायचे आणि उत्तर १२५ मेगाबाइट. साटावाल्यांनी वेष्टनासकट वजन केले. दोन्ही प्रामाणिक आहेत. ग्राहकाच्या पदरात पडते ते वेगळे एवढेच. जुन्या टेलिफोन मोडेमवरही दहाने भागण्याची प्रथा होती, पण तिचा या संकेताशी काही संबंध नाही. तिथे प्रत्येक बाइटच्या आधी एक आरंभाचा आणि शेवटी एक समाप्तीचा बिट लागे, म्हणून ३०० बॉडच्या मोडेमवर सेकंदाला ३० अक्षरे.

बाहेरून लावायच्या डिस्कसाठी दोन जोडण्या एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या: फायरवायर आणि यूएसबी. फायरवायरच्या नावातले ४०० ही गोळाबेरीज आहे. प्रत्यक्षात ते ३९३.२१६ मेगाबिट, म्हणजे ४९.१५ मेगाबाइट. यूएसबीच्या जडणघडणीत इंटेलमधले अजय भट्ट यांचा मोठा वाटा. ते मूळचे बडोद्याचे. १९९६च्या पहिल्या यूएसबीचा वरचा वेग १२ मेगाबिट, २०००च्या दुसऱ्या आवृत्तीचा ४८०. कागदावर ४८० म्हणजे ६० मेगाबाइट आणि फायरवायरला मागे टाकणारा आकडा. पण यूएसबी २.० मध्ये वेळेचे १२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात ५१२ बाइटांची जास्तीत जास्त १३ पाकिटे मावतात. सेकंदाचे असे ८,००० तुकडे धरले की कमाल ५,३२,४८,००० बाइट. शिवाय सलग सहा एक आले की मध्ये एक शून्य घुसडावा लागतो आणि प्रत्येक विचारणेला संगणकाचा वेळ जातो. व्यवहारात यूएसबी २.० डिस्क ३० ते ४० मेगाबाइटांपुढे क्वचितच गेल्या आणि फायरवायर तिच्या छोट्या आकड्यानिशी पुढेच राहिली.

भागाकार नीट जमला तरी आणखी एक घोळ उरतो, तो मेगा म्हणजे किती याचा. तारेवरचे ठोके दशमान असल्याने इंटरफेसच्या वेगात मेगा म्हणजे नेहमीच दहा लाख. संगणकाच्या स्मृतीचा हिशेब मात्र दोनाच्या घातांत चालतो आणि तिथे मेगा म्हणजे १०,४८,५७६. साटाचे ६०० मेगाबाइट दुसऱ्या मापाने ५७२ भरतात. सीडी-रॉमने दुसरे माप धरले. तिचा 'एकपट' वेग म्हणजे सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकी २,०४८ बाइट, एकूण १,५३,६०० बाइट. १,०२४ने भागले की नेमके १५०. खोक्यावरचे '५२ एक्स' म्हणजे ७९,८७,२०० बाइट, तेही तबकडीच्या बाहेरच्या कडेलाच, कारण आतल्या फेऱ्याचा घेर लहान. आणि '१.४४ मेगाबाइट' फ्लॉपीने तर दोन्ही मापांची खिचडी केली. तिच्यावर १४,७४,५६० बाइट मावतात. दहा लाखांनी भागले तर १.४७, १०,४८,५७६ने भागले तर १.४१, १.४४ यायला एकदा हजाराने आणि एकदा १,०२४ने भागावे लागते. १९९९च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने दोनाच्या घातांसाठी किबी, मेबी, गिबी ही वेगळी उपपदे जाहीर केली. मानकांच्या कागदांत ती रुळली, दुकानात नाही. रोमन लिपीत बिटचा बी लहान आणि बाइटचा मोठा काढण्याचा संकेत आहे. देवनागरीत 'एमबी' लिहिले की तोही आधार सुटतो आणि 'शंभर एमबीचे नेट' हे सेकंदाला साडेबारा मेगाबाइटांचे आहे, हे सांगून कळावे लागते.

आठ-दहाचा संकेत पाचवा हिस्सा खाऊन टाकतो. वेग वाढत गेले तसा तो खर्च डोळ्यांवर येऊ लागला. २०१०च्या पीसीआय एक्स्प्रेस ३.०ने तो सोडला आणि १२८ बिटांमागे दोनच बिट जादा घेणारी पद्धत धरली. आदल्या पिढीचा तारेवरचा वेग सेकंदाला ५ अब्ज हस्तांतरणांचा होता. तो दुप्पट करायचा तर १० हवा होता, पण ८ वरच काम भागले: आधी ५०० मेगाबाइट मिळत, आता एका मार्गिकेत सुमारे ९८५ मिळू लागले. चार मार्गिका वापरणारी एनव्हीएमई डिस्क म्हणजे ३.९४ गिगाबाइट. यूएसबीची १० गिगाबिटची आवृत्तीही अशीच १३२ला १२८ देते आणि १,२१२ मेगाबाइट भरते. फायबर चॅनलमध्ये '१६'ची पिढी तारेवर १४.०२५ गिगाबॉडचीच आहे, तर सॅसच्या '२४जी'ची प्रत्यक्ष धाव २२.५ गिगाबिटांची. या दोघांत नावातला आकडा तारेवरही नाही आणि मजकुरातही नाही. आदल्या पिढीच्या दुप्पट काम होते एवढेच तो सांगतो.

२०२२च्या पीसीआय एक्स्प्रेस ६.० मध्ये हस्तांतरण हे मापही सैल झाले आहे. तारेवर दोनाऐवजी चार पातळ्यांचा संदेश जातो आणि प्रत्येक बदलात दोन बिट असतात, म्हणून सेकंदाला ६४ अब्ज 'हस्तांतरणे' लिहिली जातात ती प्रत्यक्षात ३२ अब्ज बदलांतून. जादा बिटांचे संकेतन गेले. त्याजागी २५६ बाइटांचे ठरीव पाकीट आले. त्यात २३६ बाइट माल, ६ नियंत्रणाचे, ८ चूक ओळखण्याचे आणि ६ चूक दुरुस्त करण्याचे. एका मार्गिकेचे ६४ आठने भागले की ८ गिगाबाइट येतात आणि त्यातले ७.३७५ मालाच्या वाट्याला जातात.